दिनूचा सरडा

मुक्या जनावराभोवती किस्से आपोआप साठत जातात, झटकले तरी. शाळेच्या स्टाफरूममध्ये हल्ली मैत्रिणी डबा उघडण्याआधीच विचारतात, "काय म्हणतो सरडा?"

तो दिवस अगदी साधा होता. भिंगारच्या आमच्या घरात मी वह्या तपासत होते, आई गवार मोडत होती. पुण्याहून फोन आला. माझा धाकटा भाऊ दिनू ऑफिसातच कोसळला होता. गेला. आईनं उरलेली गवार मोडून संपवली, मगच उठली. रडली नाही.

तेराव्यानंतर दिनूचा रूममेट एक काचेची पेटी घेऊन दारात उभा. आत हातभर लांब, गळ्याला काट्यांची दाढी असलेला सरडा.

"ताई, हा दादाचा. बिअर्डेड ड्रॅगन. आणून दोनच महिने झाले होते."

"नाव काय याचं?"

"दादा काहीतरी हाक मारायचा. पण खोलीचं दार लावून."

आई म्हणाली, "लग्न कर म्हणत होते, तर हे आणलं."

*

त्याला खायला जिवंत झुरळं लागतात, तीही खास वाढवलेली. पार्सलनं येतात. आईनं जन्मभर चप्पल हातात घेऊन झुरळांशी वैर केलेलं. पहिला डबा उघडून तिनं आत डोकावून पाहिलं.

"आजवर उगीच मारली," एवढंच म्हणाली.

*

पहिल्याच एकादशीला तिनं तो डबा कपाटावर ठेवून दिला. "आज घरात हत्या नको."

सरड्यापुढे लाल भोपळ्याचा कीस आणि जास्वंदीचं फूल. त्यानं फूल देठासकट खाल्लं. मग सोमवार आला, गुरुवार आला, चतुर्थी आली. हा उपासानं मरेल, या भीतीनं मी त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. दिनूचं एवढंच तर उरलं होतं.

बाकावर शेजारी शेळी घेऊन एक म्हातारबाबा बसले होते.

"बाई, दूध देतंय व्हय हे?"

"नाही."

"अंडी?"

"नर आहे."

"मग कशापाई सांभाळायचं?"

तेवढ्यात आमचा नंबर आला. डॉक्टरांनाही हा प्राणी नवीन. त्यांनी मोबाईलवर वाचून सांगितलं, "मोठा झाल्यावर पालाच जास्त द्यायचा असतो. तुमचं छान चाललंय."

घरी येऊन हे सांगितलं. आईनं त्याला प्रदोषही लावून दिला.

*

एका शनिवारी दिवसभर लाइट नव्हती. म्हणजे त्याचा उबेचा बल्बही बंद. मी शाळेतून आले तर पेटी रिकामी. धावत गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या बाजरीच्या मधोमध तो जबडा उघडून बसला होता आणि आई शेजारी छत्री धरून.

पलीकडच्या गच्चीवरून शहनाजभाभी म्हणाल्या, "चाची, बाजरी राखने को बिठाया क्या?"

"चिमणी फिरकली नाही बघ," आई म्हणाली.

*

थंडी पडली आणि त्यानं खाणं सोडलं. कोपऱ्यात कौलाच्या तुकड्याखाली शिरला, डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, "थंडीत झोपतात असं लिहिलंय. आजारीही असू शकेल. नक्की सांगता येत नाही."

रोज सकाळी आई पेटीत हात घालून त्याच्या पोटाला बोट लावायची. आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "आहे." मग ती चहा ठेवायची.

एका सकाळी "आहे" ऐकू आलं नाही. चहाच्या भांड्याचाही आवाज नाही. मी ब्रश हातात धरून तशीच गेले.

आई पेटीपुढे बसली होती. सरडा बाहेर दगडावर आलेला. पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवत होता. त्या जातीचे सरडे तसं करतात म्हणे. आईचा चेहरा ओला होता.

"कधी आलास?" ती त्याला विचारत होती. "जेवतोस ना?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो डबा काढ वरचा."

"आई, आज एकादशी आहे."

"असू दे."

विरजण मागायला आलेल्या शहनाजभाभी दारातच थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "चाची, इसका नाम क्या रखे?"

"नाव आत्यानं ठेवायचं असतं," आई म्हणाली.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

मी अजून नाव ठेवलेलं नाही.