पाचव्या दिवसाची वाट

१९९४ चा मार्च. बमरोलीच्या आमच्या चाळीत समोर राहणारी धुळ्याकडची बाई सकाळी दाराबाहेर गोणपाटावर बसलेली दिसली. महिन्याचे चार दिवस ती अशीच बाजूला बसायची. त्यामुळे तिची पाळी चौदा महिन्यांपूर्वी बंद झाली, हे मलाही ठाऊक होतं.

"गयेल पाव्हना परत उना, ताई," ती हसून म्हणाली; गेलेली पाळीच परत आली, असं तिला वाटत होतं. तिचं प्रत्येक वाक्य हसण्यातच संपायचं.

"वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तर ती पाळी नसते. आजच डॉक्टरला दाखवा."

"पाचवे दिन डोकं धुईसन जासू. आते कशी बाहेर पडू?"

पाचवा दिवस आला, पण रक्त थांबलं नाही. सातव्या दिवशीही ती गोणपाटावरच होती, फक्त हसत नव्हती. आठव्या सकाळी ती माझा उंबरा ओलांडून आत आली. अशा दिवसांत तिने कुणाच्या घरात पाऊल टाकलेलं मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चाल ताई," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीतला नमुना तपासायला पाठवला. "पाळी कायमची गेल्यावर एक डाग दिसला, तरी लगेच यायचं," त्या म्हणाल्या. "आता रिपोर्टला सात दिवस लागतील."

बाहेर आल्यावर ती बोटांवर सात मोजून म्हणाली, "तितलाच दिन मी दारासमोर बसीसन काढात."