अल्लाल मआल्लमांचा चांगला कान

आमच्या फेस शहराच्या तांबटचौकात बहिरं होणं हा अपमान नाही. डाव्या हाताने भांडं धरून तीस वर्षं ठोकलं की डावा कान जातो, आणि तो गेला की माणूस खरा तांबट झाला, असं इथे म्हणतात. भांडं पारखायला उजवा पुरतो.

मआल्लम, म्हणजे उस्ताद, अल्लाल स्कल्ली यांच्या उजव्या कानावर तर अख्खा चौक चालायचा. ते आमचे अमीन, तांबटांचे प्रमुख. लग्नाच्या हंड्यावर बोटाचं पेर आपटायचे. नाद लांबला तर शिक्का, भद्द वाजला तर हंडा कारागिराच्या पायाशी. मी तिहामी, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. माझे सात हंडे त्यांनी भर चौकात परत फेकले होते. सातही मला आठवतात.

साठीत त्यांच्या उजव्या कानात शिट्टी वाजू लागली. हातोडा आता दुसऱ्या दारी आला, म्हणून चौक हसला आणि तेही हसले. या हसण्यात दोन वर्षं गेली. पुढे गल्लीतून चालताना झोक जाऊन ते ओझ्याच्या गाढवांवर आदळू लागले, तेव्हा मी त्यांना रबातच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सर नव्हता, गाठ साधीच होती, पण वाढणारी.

डॉक्टर फ्रेंचमध्ये बोलत होते आणि ते मला एकट्यालाच कळत होतं. कवटी उघडण्यापेक्षा किरणं देऊ, म्हणाले. गाठ जाणार नाही, पण थांबेल. आज ऐकू येतं तेवढं काही वर्षं टिकेल, मग उतरत जाईल, दहा वर्षांनी फारसं उरेल अशी आशा धरू नका. हे शेवटचं मी गिळलं. सांगितलं असतं तर मआल्लम तिथूनच उठून घरी आले असते, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. ते खरंही आहे.

चार वर्षं कान छान चालला. मग मआल्लम भांड्यावर पेर आपटताना कारागिराच्या तोंडाकडे बघू लागले. कच्चं काम आणणाऱ्याची नजर ढळते, हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी निर्ढावलेल्यांचे हंडे पास होऊ लागले. एका लग्नात तर हंडा चुलीवरच गळला. चौकात कुजबुज झाली, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? मी त्यांच्या घरी जाऊन, चहा पिता पिता, चार भिंतींत सांगू शकलो असतो. पण मला त्यांची गादी हवी होती.

दहाव्या वर्षाची तपासणी करून मआल्लम रबातहून आले ते बदामाच्या करंज्या घेऊनच. गाठ जिथल्या तिथे आहे, माझ्याइतका यशस्वी रोगी डॉक्टरकडे नाही, असं सांगत त्यांनी सगळ्यांना करंज्या वाटल्या. मीही एक खाल्ली. मग सगळ्यांदेखत तडा गेलेला हंडा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी पेर आपटलं. तो भद्द आवाज पलीकडच्या चहावाल्यालाही कळला. मआल्लमांनी माझ्या तोंडाकडे न बघताच शिक्का मारला. मी हंड्यात पाणी ओतलं. ते त्यांच्या सपातांवर ठिबकायला लागलं.

कोणी हसलं नाही. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, "मआल्लम, हे होणार असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही किरणं घेतली नसती."

"नसतीच घेतली." ते पाण्याकडे बघत म्हणाले, "सहा वर्षं मी चेहरे बघून शिक्का मारतोय, तिहामी. तुझा तेवढा बघायचो नाही. म्हटलं, हा आपला आहे."

त्यांनी शिक्का पुसला आणि माझ्या हातात दिला. आता अमीन मी आहे. मआल्लम घरी बसून असतात, मी गेलो की भिंतीकडे तोंड करतात. तपासणीचा कागद दरवर्षी येतो. गाठ अजून तेवढीच आहे.