मुद्दा क्रमांक चार

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना अख्खी शाळा ‘झरझर बाई’ म्हणायची. कारण वर्गात पाऊल टाकायच्या आधीच त्यांचं ‘झरझर लिहा’ आत पोचलेलं असायचं. बाईंचा शब्द न् शब्द वहीत उतरला पाहिजे. समजला नाही तरी चालेल, सुटला तर खबरदार! वर खाडाखोडीला एक मार्क कापला जायचा तो वेगळाच. ‘माझ्या मुलांच्या वह्या बघा, छापल्यासारख्या,’ हे त्यांनी शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की शिपाईमामा चहा ठेवतानाच विचारायचे, “छापल्यासारख्या ना, बाई?”

एका दुपारी बाईंनी शाईची वही तपासायला घेतली. शाई म्हणजे मागच्या बाकावरची, कायम निळ्या बोटांची पोरगी. ‘३. पानांवर सूक्ष्म छिद्रं असतात. ४. तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का गं? ५. छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते.’

बाईंना फस्सकन हसू आलं. मग आठवलं. शाईनं हात वर करून ‘पण का, बाई?’ विचारलं होतं आणि त्यांनी न थांबता ते वाक्य तिच्याकडे भिरकावलं होतं. त्यांनी वही पटकन मिटली.

पुढच्या वहीतही चार नंबरला भुसाच! त्या तासाला दांडी मारणाऱ्यांनी शाईची वही उतरवून घेतली होती. सगळ्यात पूर्ण तिचीच असायची ना!

बाईंनी तिला बोलावलं. “अगं, हे कशाला लिहिलंस?”

“एक शब्दही सोडायचा नाही म्हणालात ना, बाई.”

“खोड बघू ते.”

“मार्क जाईल.”

शेवटी बाईंनीच लाल पेन घेतलं. लाल रेघोट्यांखाली भुसा आणखीच उठून दिसायला लागला.

घरी जेवताना नवऱ्यानं विचारलं, “आज एवढी शांतता? घसा बसला की काय?”

“आधीच बसायला हवा होता मेला,” बाई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान सोडलं, “पेनं खाली! आधी ऐका, मग आपल्या शब्दांत दोन ओळी लिहा.”

बाईंना ताप आला असणार, याबद्दल वर्गाचं एकमत झालं. एकानं भीतभीत विचारलं, “बाई, आपले शब्द कुठल्या पानावर आहेत?”

हळूहळू सगळे लिहू लागले. शाईचं पान मात्र कोरंच.

“माझे शब्द कुठून आणू, बाई? डोक्यात भुसा आहे ना.” टोमणा नव्हता तो. पोरगी पाठ केलेला मुद्दा सांगत होती.

बाई तिच्या बाकावर टेकल्या. “तो मुद्दा चुकीचा होता गं. चूक माझी. त्या दिवशी ‘का’ विचारलंस ना? तुला काय वाटतं?”

शाईनं खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. “वाफ वर गेली, की खालचं पाणी वर ओढलं जात असेल. आपण नळीनं सरबत ओढतो, तसं. नाहीतर उंच झाडाच्या शेंड्याला पाणी कोण नेऊन देणार?”

बाईंनी तिचंच पेन घेतलं आणि तिच्या कोऱ्या पानावर ते उतरवू लागल्या. शाई आता झरझर सांगत होती, अक्षरं एकमेकांवर चढत होती. पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली.

शाई बोलता बोलता थांबली.

“बाई, हळू सांगू का?”

बाईंना मान वर करवेना. “हो गं,” त्या कशाबशा म्हणाल्या, “हळूच सांग.”