बारा ओळींची गोष्ट

परवा आलेल्या लग्नपत्रिकेला ताज्या शाईचा वास होता. त्या वासाने मला धुळ्यातला देवपूरचा छापखाना आठवला. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि मी कॉलेजात होते. आमच्या वार्षिक अंकासाठी मी ताईवर चार पानांची गोष्ट लिहिली होती. लग्नानंतर वर्षभरातच ताई चोपड्याहून कायमची माहेरी आली होती. का, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मात्र सगळी कारणं मनानेच लिहून टाकली होती.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या नानांनी पानं चाळली. "पोरी, आते बारा ओळीस्नीच जागा शे," ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, "तुनी बहीण घर उनी, तवय तिना हातमा काय व्हतं?"

"शिलाईची कात्री. तेवढीच."

"मंग तेच लिख."

तिथेच बसून मी कारणं खोडली. दारात उभी ताई, हातातली कात्री आणि आईने काही न विचारता वाढलेलं ताट, एवढंच उरलं. तेव्हा वाटलं, नानांनी गोष्टीची वाट लावली. आज कळतं, मला ठाऊक नव्हतं तेवढंच त्यांनी काढायला लावलं होतं.

अंक आल्यावर ताईने गोष्ट दोनदा वाचली. मग माझ्याजवळ बसून तिने चोपड्याला काय घडलं ते पहिल्यांदाच सांगितलं. ते मी अजून कुठे लिहिलेलं नाही.