संकेश्वरला बदललेली मोटार

माझी फजिती ऐकायची म्हणता? ऐका, पण चहा सांडू नका.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून निपाणी-बेळगाव मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. बेळगावच्या शहापुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या मुलीचं लग्न. मी एकुलता एक मामा. भाचीला बोहल्यावर मीच न्यायची. मुहूर्त भर दुपारचा, सकाळीच पोच, असा आक्काचा निरोप आलता.

मला कसली घाई? आठवड्यापूर्वीच बेळगावला गेलतो, तेव्हा मोटार वाऱ्यासारखी पळालती. एकदा पळाली म्हणजे रोज तशीच पळणार, हा आपला हिशेब. म्हणून पहिली मोटार सोडली, निवांत अंघोळ केली आणि दुसरीनं निपाणीहून निघालो.

संकेश्वरला मोटार थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर कोळशाची टाकी ढवळत बसला. ऊन चढायला लागलं, तसा माझा जीव खालीवर. तेवढ्यात पलीकडं दुसरी मोटार धडधडत उभी दिसली. लगेच सुटणार का, एवढंच विचारलं. क्लीनर व्हय म्हणाला. मी उडी मारून आत. ती कुठं जाणार, हे अशा वेळी कुणाला सुचतं हो?

मोटार खरंच पळाली. खुशीत मी शेजाऱ्याला पहिल्या ड्रायव्हरच्या आळसावर भाषण दिलं. ते संपेपर्यंत तवंदीचा घाट आला. म्हणजे मी परत निपाणीच्या तोंडाशी!

शेजारी हळूच म्हणाला, "आप्पा, बेळगाव मागं ऱ्हायलं की."

उतरलो. उलटी मोटार मिळवून शहापुरात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. लग्न लागून गेलं असणार, आक्का जन्मात तोंड बघायची न्हाय, असं घोकत मांडवात शिरलो. तर भाची आत वेणी घालून घेत बसलेली. मी खांबाला धरून तिथंच मटकन बसलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "गोरज मुहूर्त हाय रं," ती म्हणाली.

असा जीव भांड्यात पडला म्हणता! मोटारींचा भरवसा न्हाय, म्हणून हिनं वेळ आधीची कळवली, हे मी ताडलं. तिच्या हुशारीचं कौतुक केलं आणि मोटारींना मनसोक्त शिव्या घातल्या.

"मोटारीला का नावं ठेवतोस?" आक्का म्हणाली. "तू संकेश्वरला सोडलीस त्याच मोटारीतली निपाणीची पाव्हणी कवाच आली, जेवून झोपलीत. दुपारचा मुहूर्त तुला एकट्यालाच सांगितलता."