शिवणकाकांचं जांभळं जाकीट

शिवणकाका कुणाचाही कपडा आधी उलटा करून शिवण बघायचे; नाव त्यावरूनच पडलेलं. मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या टी-शर्टची खालची कड पालथी केली, शिलाईवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वर्षभर टिकेल. ये, बस." मी पुण्याहून सिंगापूरला नुकताच आलेला इंजिनीअर; हातात एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, आणि डोक्यात गोंधळ. क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमधल्या नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मी पुढे चार वर्षं राहिलो.

काका रॅफल्स प्लेसच्या एका कंपनीत अकाउंट्स बघत. त्याआधी, दोन हजार सालाच्या आसपास, ते आणि मीनलकाकू टोकियोत होते. तिथल्या मागच्या गल्ल्यांत तेव्हा टीचभर दुकानं होती. जाड सुती हुडी, लष्करी ठिपक्यांची रंगीत जाकिटं, न्यूयॉर्कच्या स्केटबोर्डवाल्या पोरांचे ढगळ टी-शर्ट, असा माल तिथे मोजकाच यायचा आणि तासाभरात संपायचा. काका शनिवारी पहाटेपासून रांगेत उभे राहत. "रांगेत सगळे विशी-बाविशीचे, आणि मी एकटा लग्न झालेला कोकणस्थ," असं ते सांगत. ऑफिसात मात्र हा माणूस पांढरा शर्ट आणि करडी पँट यापलीकडे कधी गेला नाही.

हे सगळं त्यांनी सिंगापूरला आणलं आणि इथल्या दमट हवेशी वैर ओढवून घेतलं. कोठीच्या खोलीत ओल शोषणारं यंत्र दिवसरात्र घुरघुरायचं. त्यातूनही बुरशी शिरायचीच. एकदा त्यांनी दहा वर्षं जपलेले बूट उचलले, तर त्यांचे तळ पिठासारखे भुरभुरले. काका बराच वेळ हातातला तो चुरा बघत राहिले. मग म्हणाले, "घालायला हवे होते. चुकलंच माझं." त्या दिवसापासून ते रविवारी एकेक जुना कपडा अंगात घालू लागले.

रविवारी सकाळी ते खालच्या कॉफीशॉपमध्ये बसत. आसपासची तरुण मुलं तिथे आपले महागडे ब्रँडेड कपडे घेऊन यायची, अस्सल आहेत की नक्कल ते विचारायला. "अंकल, रिअल ऑर नॉट?" काका चष्मा कपाळावर चढवून कपडा उलटा करत. मानेजवळच्या लेबलाचे चार टाके, चेन ओढायची पट्टी, बाहीची जोडणी, सगळं सावकाश बघत. कुणाकडून एक डॉलर घेतला नाही, आणि खोट्याला खरं कधी म्हटलं नाही. मुलाचा चेहरा पडला की म्हणत, "घालायला काही हरकत नाही. फक्त दुसऱ्याला खरं म्हणून विकू नकोस." हळूहळू मलाही टाके कळू लागले. मी कपडा बघून अंदाज सांगायचो आणि काका नुसती मान हलवायचे.

मीनलकाकूंना या जगात फारसा रस नव्हता. एक जांभळं जाकीट तेवढं त्यांचं होतं. टोकियोत शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवून त्यांनी पैसे साठवले, एकट्या गेल्या, जपानी येत नसताना बाजारातून ते काकांच्या वाढदिवसाला आणलं. घरी कुणीही आलं की चहाबरोबर ही गोष्ट व्हायचीच. "ह्यांच्या सगळ्या कपाटात तेवढं एकच मी आणलेलं, आणि तेच सगळ्यात भारी," असं त्या म्हणायच्या. काका मान खाली घालून बिस्किट चहात बुडवत.

एका दिवाळीत काकूंनी ते माझ्या हातात दिलं. मी सवयीने उलटं केलं. लेबलाचा टाका चुकीचा होता, चेनही दुसरीच होती. मी वर बघितलं. काका माझ्याकडेच बघत होते. "बाही उसवलीये का रे?" त्यांनी विचारलं. मी "थोडीशी" म्हणालो. संध्याकाळी खाली फिरताना ते म्हणाले, "मी त्याच दिवशी ओळखलं होतं. तिचा चेहरा इतका फुललेला होता की सांगवेना. मग वर्षं गेली, आणि सांगायची वेळच राहिली नाही."

दोन हजार सोळाच्या सुमाराला काकांच्या कंपनीने त्यांचं कामच दुसऱ्या देशात हलवलं. त्यांनी पुण्याला परतायचं ठरवलं. रविवारच्या मुलांपैकी वेई नावाचा एकजण आता तांजोंग पगार भागातल्या एका जुन्या दुकानघरात वापरलेल्या कपड्यांचं दुकान काढणार होता. संग्रह त्याला द्यायचा ठरला. तो घरी आला, कपडे जमिनीवर मांडले गेले, आणि काकू आतून जांभळं जाकीट घेऊन आल्या. त्या वेईला इंग्रजीत म्हणाल्या, "हे दुकानाच्या दर्शनी भागात लाव. ह्यांचा जीव अडकेल त्यात, पण मी सांगते ना, घेऊन जा."

"ते राहू दे, मीनल," काका म्हणाले.

"का राहू दे? एवढं सगळं देताय आणि हेच का नाही?"

वेईने ते हातात घेतलं होतं. तो उलटं करणार, एवढ्यात काका मराठीत म्हणाले, "मीनल, ते खरं नाही. विकणाऱ्याने तुला फसवलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

काकूंनी जाकीट वेईच्या हातातून परत घेतलं आणि घडी घातली. "चौदा वर्षं मी लोकांना सांगत सुटले," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात." मग त्या आत गेल्या. वेईला भाषा कळली नाही, पण तो बूट घालून निघाला. "अंकल, आय कम अनदर डे, लाह," एवढंच तो आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला.

दोन दिवस काकू बोलल्या नाहीत. ताटं वाढली जात होती, पण घरात फक्त भांड्यांचा आवाज. तिसरा दिवस रविवार होता. काका कॉफीशॉपमध्ये बसले होते, मीही होतो. काकू आल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "कसं ओळखतात ते मला दाखवा. सगळं." काकांनी स्वतःच्या अंगातली हुडी काढून टेबलावर उलटी पसरली. निघेपर्यंतचे पाच रविवार त्या येत राहिल्या. काकांपेक्षा त्यांची नजर तेज निघाली, हे काकांनीच मला सांगितलं.

त्याच दिवसांत माझ्या पासचं नूतनीकरण नाकारलं गेलं होतं; मलाही आता सिंगापूर सोडावं लागणार होतं. आईला मी फोनवर "सगळं छान" म्हणत होतो. आईपासून मी हे लपवतोय, ते फक्त काकांना ठाऊक होतं.

चांगी विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. काकू सामान देण्याच्या रांगेत पुढे होत्या. काका म्हणाले, "मला वाटायचं, मी तिचं मन जपतोय. खरं म्हणजे तिला सोसवणार नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला सोसवलं. मी उगाच तिला लहान केलं रे इतकी वर्षं." आणि लगेच म्हणाले, "तुझ्या आईला फोन कर." मग ते काकूंच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढण्याआधी स्टेशनातल्या बाकावर बसून मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बोललास. आता सांग, पुढे काय करायचं म्हणतोस?" चार वर्षांत पहिल्यांदाच आम्ही तासभर बोललो.