उताराला आडवा ट्रॅक्टर

मी साइटवर पोचलो तेव्हा ट्रॅक्टर उतारावर आडवा उभा होता. इंजिन चालू, ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत बसलेला. वरच्या अंगाचं मागचं चाक जमिनीला जेमतेम टेकलं होतं. मी आधी इंजिन बंद केलं, खालच्या चाकांना दगड लावले आणि मग विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई. जरा एका अंगानं उचाललं," ड्रायव्हर म्हणाला. "म्हनलं बोलवावं तुमाला. गाडीत कंप्लेंट हाये."

गाडीत काही कंप्लेंट नव्हती. कंप्लेंट माणसांत होती, आणि ती दुरुस्त करायला माझ्याकडे पाना नव्हता.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नारायणगावच्या एका ट्रॅक्टर शोरूममध्ये मी सर्व्हिस इनचार्ज होतो. आमचं निम्मं गिऱ्हाईक द्राक्षवालं. त्यांना छोटा ट्रॅक्टर लागायचा. बुटका, अरुंद, चारही चाकांना ताकद असलेला, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा. त्यांच्यासाठी आमच्याकडे 'द्राक्ष सेटिंग' नावाचा एक प्रकार चालायचा. रिम उलट्या बसवून चाकं आत घ्यायची, म्हणजे ट्रॅक्टर आणखी अरुंद होतो. आणि सीटच्या मागचा रोल बार काढून टाकायचा. रोल बार म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याच्या वरपर्यंत जाणारी लोखंडी कमान. ट्रॅक्टर उलटलाच तर वजन ती कमान घेते, आणि कमरेला पट्टा असेल तर ड्रायव्हर तिच्या आत राहतो. पण ती मांडवाच्या तारांत अडकते, म्हणून बागायतदार पहिल्याच दिवशी ती उतरवायला लावायचे. एकाने तिच्यावर टीव्हीचा अँटेना चढवलेला मी पाहिलाय. पुढे पुढे आमचे शेठच डिलिव्हरीच्या आधी ती काढून ठेवायला लागले. बागेतल्या सपाट जमिनीवर हे सगळं खपून जायचं.

इथे बाग नव्हती. पुण्याच्या एका बिल्डरने घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्याकडे उतरणारा अख्खा डोंगर रिसॉर्टसाठी घेतला होता. जिथे मेंढरंसुद्धा बघून पाय टाकतात, तिथे याला हिरवळीवर कॉफी पीत बसलेले लोक दिसत होते. वरून तांबडी माती आणून पसरायची, तिच्यावर लॉनचे चौकोनी तुकडे बसवायचे, असं काम होतं. माती पसरायला मागे आडवं पातं जोडलेला आमचा ट्रॅक्टर. शेठनी तो सवयीप्रमाणे द्राक्ष सेटिंगमध्येच पाठवून दिला होता.

ड्रायव्हर बबन, महाळुंगे पडवळचा. त्याची बायको सुमन त्याच साइटवर होती. ती आणि आणखी काही बाया ट्रॅक्टरच्या बरोबर खाली, ओळीने बसून लॉनचे तुकडे लावत होत्या. ट्रॅक्टर उलटला असता तर आधी बबनवर आणि मग लोळत लोळत त्या बायांवर गेला असता. हे बघायला तिथे कुणाला वेळ नव्हता.

"आडवा चालवायला कुणी सांगितलं?" मी बबनला विचारलं.

"त्या राऊत सायबांनी."

राऊत साहेब म्हणजे बिल्डरने नेमलेले तज्ज्ञ. सरकारी नोकरीतून निवृत्त, सगळी हयात पाणलोटाच्या कामांत गेलेली. उताराला आडवी पेरणी करा, उताराला आडवी नांगरट करा, हे त्यांनी गावोगावच्या भिंतींवर रंगवून घेतलं होतं. ते चूक नव्हतं. थोड्या उताराच्या रानात बैलांचं औत आडवं चालवलं की पाणी अडतं, माती जागेवर राहते. पण साहेबांनी ते मंत्रासारखं पाठ केलं होतं, आणि मंत्र म्हणताना समोर बैल आहे की ट्रॅक्टर हे काही ते बघत नव्हते.

"उभा चालवला तर चाकोऱ्या पडतील," ते मला समजावू लागले. "पहिल्याच पावसात त्यांच्या ओघळी होतील. बेसिक गोष्ट आहे."

"साहेब, बैल उलटत नाही. ट्रॅक्टर उलटतो. एवढ्या उतारावर तो उभाच चालवायचा. चढताना रिव्हर्समध्ये, उतरताना सरळ, म्हणजे जड बाजू कायम डोंगराकडे राहते."

"मी या विषयात हयात घातली आहे."

"बैलाच्या का ट्रॅक्टरच्या?"

साहेबांना राग आला. त्यांनी बिल्डरला हाक मारली. बिल्डर पांढरे बूट घालून वरच्या सपाट जागेवर उभा होता, खाली उतरायची त्याची तयारी नव्हती. तिथूनच म्हणाला, "थोरात, फोर व्हील ड्राइव्ह आहे ना? तुमच्या ब्रोशरवर तर डोंगरावर दाखवलाय."

"चढताना दाखवलाय साहेब. आडवा जाताना नाही."

"हे बघा, परवा ओपनिंग आहे. मंत्री येणार आहेत. आणि त्या उभ्या रेघा इथून फार वाईट दिसतात."

म्हणजे एकाला माती वाहून जायची काळजी, दुसऱ्याला रेघांची. मी शोरूमला फोन लावला.

"थोरात, कस्टमरशी हुज्जत घालू नका," शेठ म्हणाले. "लई मोठी पार्टी हाये."

"मग निदान रोल बार पाठवा. आणि रिम फिरवायला दोन माणसं."

"बार पाठवतो. मागं ढीग पडलाय. मानसं न्हाईत."

जीपमधून बार आला. जागेवरचे बोल्ट गंजले होते, ते बदलून मी तो बसवला. माणसं नसली तरी रिमही मीच फिरवणार होतो, बबनला हाताशी घेऊन. चाकं बाहेर आली की ट्रॅक्टर पाय फाकून उभा राहतो, सहज कलंडत नाही. पण त्यासाठी दोनेक तास काम थांबवावं लागणार होतं. बिल्डर नाही म्हणाला. त्याने बार तेवढा चालवून घेतला, तोही ओपनिंगच्या आधी काढायच्या अटीवर.

"बबन, तू नाही म्हण," मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. "तुला कुणी जबरदस्ती करू शकत नाही."

"थोरातभाऊ, मी आख्खा घाट ट्रॉली जोडून उतारलोय. ह्ये खेळनं काय उलटतंय?"

"मग पट्टा तरी बांध."

तो हसला. पट्टा बांधून ट्रॅक्टर चालवणारा माणूस त्याच्या गावात अजून जन्मला नव्हता. उलटायला लागला की उडी मारायची, ही तिकडची पद्धत. उडी मारणारा नेमका खालच्या बाजूला पडतो आणि ट्रॅक्टर त्याच्यावर येतो, हे मी किती जणांना सांगितलं असेल. माना डोलावतात आणि पट्टा सीटखाली दडपतात. शेवटी मी सुमनला हाक मारली.

ती हात पुसत वर आली आणि माझं सगळं ऐकून नवऱ्याला म्हणाली, "बांधा की. पट्ट्यानं काय मिशा गळून पडनार हायेत का?"

बाया हसल्या. बबनने बायकोकडे रागाने बघितलं आणि पट्टा बांधला. मग मी बायांना म्हटलं, ट्रॅक्टरच्या खाली बसू नका, कडेला व्हा. राऊत साहेब वरून ओरडले की त्याने काम मागे पडेल. सुमनने ते ऐकलं, पाटी उचलली आणि सगळ्या बायांना घेऊन पार कडेला, कारवीच्या झुडपांपर्यंत गेली.

बबनने ट्रॅक्टर सुरू केला आणि आडवा घातला. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. राऊत साहेबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. तिसऱ्या फेरीत खालच्या अंगाचं मागचं चाक एका खड्ड्यात गेलं. झाडं लावायला राऊत साहेबांनीच खड्डे घेतले होते आणि भुसभुशीत मातीने भरून ठेवले होते. पसरलेल्या मातीखाली ते दिसतही नव्हते. चाक खचलं आणि ट्रॅक्टर सावकाश खाली कलंडला. अशा वेळी फार आवाजही होत नाही.

बार जमिनीत रुतला आणि ट्रॅक्टर तिथेच, कुशीवर अडकला. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. बबन पट्ट्यात लटकला होता, एक हात स्टिअरिंगवर, चेहरा पांढराफटक. खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नव्हतं. मी आणि सुमनने त्याला धरून बाहेर काढलं. तो तिथेच मातीत बसला. बाया मघाशी बसल्या होत्या त्या जागेवर ट्रॅक्टरचं पातं सुटून पडलं होतं.

बिल्डर पांढऱ्या बुटांसह पहिल्यांदाच खाली आला. बबनकडे त्याने बघितलंही नाही. "केवढं रुतलंय हे लॉनमध्ये," तो म्हणाला. "उद्यापर्यंत भरून निघेल ना?" मला त्या माणसाची शिसारी आली.

राऊत साहेबांचं निदान तयार होतं. "बार लावल्यामुळे वरचं वजन वाढलं. म्हणूनच गेला. मी आधीच..."

सुमन उठली. आवाज चढवला नाही तिने. "सायेब, आपुन ट्रॅक्टर सरळ करू. मंग तुमी वर बसा आन् आडवाच चालवा. आमी बाया खाली हुब्या ऱ्हातो."

राऊत साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ते गाडीकडे गेले.

संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर ओढून सरळ केला, रिम फिरवल्या. दुसऱ्या दिवशी बबनने राहिलेलं काम उभं केलं, रिव्हर्समध्ये चढून. मंत्री आले, वरच्या पार्किंगमध्ये चहा प्यायले आणि गेले. हिरवळीकडे त्यांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या पावसाळ्यात तांबडी माती लॉनसकट धरणात गेली. राऊत साहेब म्हणत राहिले की ट्रॅक्टर उभा चालवल्यामुळे गेली. त्यांचं बरोबरही असेल. उतारावर काम घेतलं की एवढंच आधी ठरवायचं असतं, काय वाहून गेलेलं आपल्याला चालेल. मला माती चालणार होती. बबन अजून मंचरच्या बाजारात भेटतो, चहा पाजतो, आणि त्या दिवशी पट्टा बांधला होता हे चारचौघांत काही केल्या कबूल करत नाही.